प्लेगनंतरच्या बागा कुणाच्या वाट्याला आल्या?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. काही महिन्यांतच लाखो लोक शहर सोडून गेले. कोंदट हवा आणि दाट वस्ती यांतून रोग पसरतो, अशी सरकारची पक्की समजूत होती. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं. पण ते लगेच कुणी मानलं नाही.

त्याच वर्षी 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. समुद्राचा वारा वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आखले गेले. सिडनहॅम रोड काढला, तोच आजचा मोहम्मद अली रोड. नागपाड्यासारख्या भागांत जुनी घरं पाडली. पण पाडली तितकी नवी बांधली नाहीत. बेघर झालेला गरीब माणूस लांब जाऊ शकत नव्हता, कारण रोजगार तिथेच होता. तो शेजारच्या चाळीत घुसला आणि गर्दी आणखी वाढली.

मोकळी हवा मिळाली ती उत्तरेला. दादर-माटुंग्याला ट्रस्टने रुंद रस्ते, झाडं आणि 'फाइव्ह गार्डन्स' यांसह नवी वसाहत आखली. तिथे मुख्यतः मध्यमवर्ग राहायला गेला. थोडक्यात, रोग डोंगरी-मांडवीने सोसला आणि बागा दुसरीकडे फुलल्या.

ट्रस्टचं प्लेगचं निदान चुकलं होतं, तरी उजेड आणि हवा माणसाला लागतेच, हे खरं होतं. क्षयरोग बंद, अंधाऱ्या खोल्यांत सहज पसरतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर रोज चालायला सांगतात. पण भेंडीबाजारातल्या आमच्या एखाद्या खालाने चालायचं कुठे? हातगाड्या आणि मोटरसायकलींच्या मधून? भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून आहे, पण एवढ्या दाट वस्तीला ती एकटी कशी पुरणार?

बाग ही श्रीमंतांची हौस आहे, असं आपल्यातही अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात खिडकी नाही, त्यालाच बागेची गरज जास्त. आज या भागांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो आहे. फ्लॅट किती फुटांचा मिळणार, हे आपण हमखास विचारतो. मुलांना खेळायला आणि बायकांना निवांत चालायला मोकळी जागा किती सुटणार, हेही सह्या करण्याआधी विचारायला हवं. इमारती उभ्या राहिल्यावर ती जागा कुठून आणणार?