फुटक्या बादलीची वाटचाल

मिरचीचा हंगाम सुरू झाला की दोंडाईच्यात मोकळी जागा लाल होते. पथारीवर मिरची पसरली की पोरांचा खेळ बंद. मग गल्लीतच दोन विटा मांडायच्या आणि हाताला लागेल ते लाथाडायचं. त्यामुळे नागपूरच्या त्या बादलीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तिचं फार नवल वाटलं नाही.

साल 2001. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे प्रा. विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली काही पोरं एक फुटकी बादली लाथाडताना दिसली. चेंडू नव्हता, गोलपोस्ट नव्हते, तरी पोरं रंगात आली होती. सरांनी त्यांना खरा चेंडू दिला, आणि तिथून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. सुरुवातीच्या एका स्पर्धेला 128 संघ उतरले. नाव बदला, असं सांगणारे बरेच भेटले. सरांनी ते तसंच ठेवलं, हे उत्तम केलं. पुढे क्रीडा विकास संस्था उभी राहिली आणि जग तिला ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखू लागलं. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या सुमारे 18 लाखांतून बारसे सरांनी नागपूरजवळ बोखाऱ्याला जमीन घेतली. मास्तरांच्या पगारावर संसार केलेल्यालाच या आकड्याचं वजन कळेल. अमेरिकेतून परतलेला मुलगा डॉ. अभिजित पुढे संस्थेच्या कामात उतरला.

दरम्यान जगात ‘होमलेस वर्ल्ड कप’ सुरू झाला होता. पहिला 2003 मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला, दुसरा 2004 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला. बेघर आणि वंचित खेळाडूंची ही स्पर्धा. एका बाजूला चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिचा एक नियम मात्र कठोर आहे : खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. संस्थेच्या पोरांनी विमानात बसायचं, भारताचा शर्ट घालायचा, आठवडाभर खेळायचं, आणि परत त्याच वस्तीत. मग पुढे काय?

संस्थेची खरी वाटचाल मला या प्रश्नापासून सुरू झालेली दिसते. 2010 साली रिओ द जानेरोतल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. नशा, मारामाऱ्या, पोलीस, हे सगळं त्याने पाहिलं होतं आणि ते त्याने स्वतःच लोकांना सांगितलं. रिओहून परतल्यावर तो प्रशिक्षक झाला. 2014 साली ‘सत्यमेव जयते’मध्ये त्याची कहाणी देशाने ऐकली.

गोल मारणाऱ्याला शिकवता येतंच असं नाही. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनने सेल्टिककडून 242 गोल केले. पुढे तो आपल्या गावच्या, हेलसिंगबर्गच्या क्लबचा व्यवस्थापक झाला आणि 2016 मध्ये तो क्लब खालच्या विभागात घसरला. वस्तीतल्या प्रशिक्षकाचं काम तर त्याहून अवघड. पोरगं आज का आलं नाही, हे विचारायला त्याला घरापर्यंत जावं लागतं. ते घर कुठल्या गल्लीत आहे हे अखिलेशसारख्यालाच ठाऊक असतं.

2016 मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि बारसे सरांच्या गोष्टीला अमिताभ बच्चनचा चेहरा लाभला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही.

आपल्याकडे मैदान नाही ही तक्रार मीही वर्षानुवर्षं केली. होमलेस वर्ल्ड कपचं मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. दोंडाईच्यातल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती : टेप घ्या, शाळेचं अंगण मोजा, आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लावू नका.