शेपटीला फुटलेल्या फांद्या

१९५० च्या दशकात जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतल्या नद्यांवर पांढऱ्या फेसाचे ढीगच्या ढीग तरंगायला लागले. अमेरिकेत काही ठिकाणी तर नळाच्या पाण्यालाही फेस! कारण होतं घरोघरी साबणाच्या जागी आलेली डिटर्जंट पावडर.

तिच्यातला मुख्य रेणू तसा साधा. बेन्झीनचं कडं, त्याला साधारण बारा कार्बनची शेपटी आणि एक सल्फोनेट गट. शेपटी तेलकट मळाला धरते, सल्फोनेट पाण्याला. झाले कपडे स्वच्छ. शेपटी बनवायची स्वस्त युक्ती म्हणजे प्रोपिलीनचे चार रेणू एकमेकांना जोडणे. पण अशी शेपटी सरळ होत नाही, तिला जागोजागी फांद्या फुटतात.

कपड्यांना त्याचं काय? काहीच नाही. अडचण होते ती जीवाणूंची. ते शेपटी टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत खातात आणि फांद्यांपाशी अडकतात. म्हणून सांडपाणी शुद्ध केलं तरी फेस तसाच!

पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला. अमेरिकेतल्या कंपन्या १९६५ पर्यंत स्वतःहून सरळ शेपटीकडे वळल्या. केरोसीनमधले सरळ रेणू 'मॉलिक्युलर सीव्ह' नावाच्या चाळणीने वेगळे काढणं तोवर जमलं होतं.

कार्बन जवळपास तेवढेच, फक्त आकार बदलला आणि फेस ओसरला. (फॉस्फेटमुळे माजणारं शेवाळ ही वेगळी कथा, ती पुन्हा कधीतरी.)

आपण सॉफ्टवेअरवाले "चालतंय ना?" म्हणून रिलीज करतो, तसंच हे. सगळं टेस्टिंग बादलीपर्यंत झालं होतं. बादली ओतल्यावर काय, हे कोणी तपासलंच नव्हतं.