गोंदण काढणे

गोंदण काढणे : त्वचेत कायमची बसलेली शाई घालवण्याचे वैद्यकीय उपचार. आजीच्या कपाळावरचे ठिपके, जत्रेत हातावर घातलेले नाव, पार्लरमधला रंगीत टॅटू, इतकेच काय अपघातात कातडीत रुतलेले डांबराचे कण, या सगळ्यांवर आज मुख्य उपाय एकच, तो म्हणजे लेसर. फटाक्याच्या दारूचे कण मात्र याला अपवाद. लेसरने ते कातडीतच पेटतात आणि खड्डे पाडतात.

म्हैसूर भागात गोंदण्याच्या धंद्याला मराठी धागा आहे. चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या किल्लेक्यातांना एडगर थर्स्टन यांनी १९०९च्या आपल्या जाती-जमातींवरील ग्रंथात मराठी जात म्हटले आहे आणि त्यांच्या बायका गोंदण्यात तरबेज असल्याची नोंद केली आहे. पुरुषांनी पडद्यामागे रामायण नाचवायचे आणि बायकांनी सुई-काजळी घेऊन दारोदार हिंडायचे, अशी ही विभागणी. मेल्यावर सोबत येणारा दागिना हाच, अशी गोंदणाविषयीची समजूत. त्यामुळे ते काढण्याचा विचार त्या काळी कुणाच्या डोक्यात येणे कठीणच होते.

आता तो येतो आणि बरेचदा वर्दीमुळे येतो. दसऱ्याच्या रात्री म्हैसूरच्या बन्नीमंटप मैदानावर पोलिसांची मशाल कवायत पाहणाऱ्या पोरांपैकी काहींना पुढे भरतीला उभे राहायचे असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय नियमांनुसार देवाचे चिन्ह किंवा नाव डाव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला चालते. तेही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असेल तर. उजवा हात सलामीचा, तो कोरा हवा. लष्करात आदिवासी उमेदवारांना रूढीप्रमाणे सवलत मिळते. बाकीच्यांनी सुईखाली हात धरण्याआधीच नियम वाचलेले बरे.

शाई टिकते याचे कारण खोली. वरची त्वचा सतत झडते, पण सुई तिच्या खालच्या थरात पोचलेली असते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात. कण मोठे असल्याने त्यांना ते पचवता येत नाहीत आणि वाहूनही नेता येत नाहीत. एक पेशी मेली की तिने सोडलेले कण दुसरी उचलते. फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवले. म्हणजे गोंदण जागच्या जागी असले, तरी त्याचे राखणदार बदलत राहतात.

लेसरचा झोत सेकंदाच्या अब्जांशाइतक्या वेळात येऊन जातो. त्याची उष्णता भोवतालच्या कातडीत पसरण्याआधीच शाईचा कण फुटतो. बारीक झालेला चुरा लसिकावाहिन्यांतून हळूहळू निघून जातो. ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडली. प्रत्यक्ष बैठकीत आधी बधिर करणारे मलम लावतात. मग चट्-चट् आवाज, जळक्या केसांचा वास, आणि रेघेवर खडू फिरवल्यासारखा पांढरेपणा. तो वायूच्या बुडबुड्यांचा असतो, पाव तासाभरात विरतो. कपाळावरचे काम असेल तर डोळ्यांवर संरक्षक झाकणे ठेवतात.

आपल्या सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. तो वरच्या थरातल्या रंगद्रव्याला फारसा न छेडता खोल जातो. लाल शाईसाठी लागणाऱ्या ५३२ नॅनोमीटरच्या झोताने पांढरे डाग पडण्याचा धोका अधिक. काजळीचे जुने गोंदण बहुधा चार-सहा बैठकांत फिकट होते. रंगीत, दाट टॅटूला आठ-दहा किंवा जास्तही लागतात. दोन बैठकांच्या मध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. मानेपेक्षा बोटांवरची शाई हट्टी, आणि धूम्रपान करणाऱ्यांची शाई सावकाश निघते.

नेमका हाच वेळ भरतीच्या उमेदवाराकडे नसतो. वैद्यकीय तपासणी महिन्यावर आली की ॲसिड, चुना, मिठाने घासणे असले उद्योग सुरू होतात. सहाव्या शतकात एटियस या वैद्यानेही गोंदण घालवायला चुन्याचे लेप सांगितले होते, तेव्हा हा अघोरीपणा जुनाच आहे. त्यात शाईबरोबर कातडीही जाते आणि तिथे जाड, खाजरा व्रण उठतो. छाती-खांद्यावर तो मूळ जागेबाहेरही वाढतो. भरतीच्या डॉक्टरला मग पुसलेले नाव व्रणातूनच वाचता येते. गोंदण लहान असेल आणि घाई खरीच असेल, तर शस्त्रक्रियेने तेवढा तुकडा कापून टाके घालणे निदान सरळ तरी असते. त्याचीही खूण राहते, पण ती रेघेपुरती.

भुवया किंवा ओठ रंगवून घेतलेल्यांनी जास्त जपावे. त्या शाईत लोहाचे किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड असले, तर लेसर पडताच फिकट तपकिरी किंवा गुलाबी रंग काळा पडू शकतो, आणि तो काढायला नव्याने बैठका लागतात. म्हणून जाणकार त्वचारोगतज्ज्ञ आधी कडेच्या एका ठिपक्यावर झोत मारून पाहतात आणि काही आठवडे थांबून मगच बाकीच्या भागाला हात घालतात.