भंडाऱ्याचे अशोक मेहता

भंडारा म्हटलं की १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आठवते, कारण तिथे बाबासाहेब हरले. पण मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी जिंकली आणि सर्वसाधारण जागेवर बाबासाहेबांचे निवडणुकीतले साथीदार, प्रजा समाजवादी अशोक मेहता निवडून आले. या दुसऱ्या निकालाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मेहतांनी १९५३ मध्ये बैतूलला एक वादग्रस्त मांडणी केली होती. देश गरीब असताना विरोधकांनी उठसूट 'नाही' म्हणू नये, विकासाच्या कामात सरकारशी जुळेल तिथे जुळवून घ्यावं. लोहियांना हे अजिबात मान्य नव्हतं. मला मेहतांचं पटतं, पण सगळेच जुळवून घ्यायला लागले तर हिशोब कोण मागणार?

पुढे मेहता नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, १९६४ मध्ये काँग्रेसमध्ये गेले आणि १९६६ च्या संकटात नेमके नियोजनमंत्री होते! दुष्काळ, नुकतंच झालेलं युद्ध, परकीय चलनाचा खडखडाट. मेहता वॉशिंग्टनला बोलणी करून आले आणि ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून थेट ७.५० रुपये. डावे तुटून पडलेच, स्वपक्षीयही चिडले. आता हिशोब द्यायची पाळी मेहतांची होती.

गंमत म्हणजे १९६७ मध्ये भंडाऱ्याने त्यांना पुन्हा निवडून दिलं, या वेळी काँग्रेसतर्फे. संधीसाधू? मला नाही वाटत. चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्या तेव्हा सरकारची भूमिका पटली नाही, म्हणून १९६८ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. आणीबाणीत तर ते तुरुंगात होते.