बर्फ आपल्या घरात कधी आला?



गेल्या वैशाखात माझ्या भाचीच्या मुलीने फिलिपिन्सहून एक फोटो पाठवला. ती तिकडे डॉक्टरकी शिकते. उंच काचेचा पेला, त्यात किसलेला बर्फ, तळाशी रंगीत दाणे आणि वर जांभळा गोळा. खाली लिहिलं होतं, "आजी, याला हालो-हालो म्हणतात. इथे फार उकडतं. मी हे खाऊ शकते का?"

मी 'नाही' लिहायला घेतलं आणि थांबले. फोटोतला बर्फ पाहून मला आमच्या चिखलीच्या बाजारातला बर्फगोळेवाला आठवला, आणि त्याच्या मागोमाग सासूबाई. म्हटलं, आधी हा बर्फ आपल्याकडे आला कुठून आणि कधी ते नीट बघू, मग उत्तर देऊ.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर, तिथे रात्री थोडा तरी गारवा असतो. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बुलडाण्याला ठेवलं ते त्या हवेसाठीच. माझं माहेर चिखलीचं आणि सासर मलकापूरचं, म्हणजे घाटाखाली. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्यात घरात चोविहार. दिवस मावळला की पाण्याचा थेंब नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रात्री मला स्वप्नातसुद्धा माठ दिसायचा.

सासूबाई उकाळलेलं पाणीच प्यायच्या. पहाटे पातेलंभर पाणी उकळायचं, मोठ्या परातीत ओतून निववायचं, गाळून मातीच्या घड्यात भरायचं. उन्हाळ्यात ते पाच प्रहर चालतं, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. घड्याला ओलं फडकं आणि खिडकीला वाळ्याची ताटी, एवढंच आमचं गारव्याचं साहित्य. पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. यंत्र नाही, वीज नाही.

बर्फ मात्र पूर्वी बादशहांची चीज होती. अकबराच्या दरबाराची हकिकत सांगणाऱ्या 'आईन-इ-अकबरी'त सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करण्याची रीत दिली आहे. १५८६ नंतर बादशहाचा मुक्काम लाहोरला असताना डोंगरातून बर्फ यायचा, असंही त्यात आहे. सामान्य माणसाने बर्फ पाहिला तो गारा पडल्या तेव्हाच.

मग एक व्यापारी आला. माझी पदवी कॉमर्सची, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. अमेरिकेतल्या बोस्टनचा फ्रेडरिक टुडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं. चार महिने प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलं आणि सप्टेंबरात ते कोलकात्याला लागलं. वाटेत बराच वितळला, तरी शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता! बोस्टनहून भारताकडे येणाऱ्या जहाजांना नेण्यासारखा माल कमी असायचा, म्हणून बर्फाला भाडं स्वस्त पडलं. तळ्यातला बर्फ जवळजवळ फुकट. आणि तो टिकवायला लाकडाचा भुसा, तोही वखारींतला टाकाऊ माल. टाकाऊत टाकाऊ मिसळून नफा काढला, याला म्हणतात धंदा.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईला पोचला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं आणि काहींना सर्दी झाली. 'मुंबई समाचार'ने लिहिलं, परदेशी पदार्थ खाल्ल्याची ही शिक्षाच. आपल्या सासवा म्हणायच्या त्याहून वेगळं काय? मद्रासला टुडरचं बर्फघर १८४२ मध्ये झालं. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद त्याच इमारतीत राहिले होते.

हा बर्फ बंदरांच्या शहरांतल्या साहेबांचा आणि शेटजींचा. आपल्या वऱ्हाडात त्याच काळात दुसराच माल हलत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावहून गेली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वे फाटा सुरू झाला. आपल्यातली कितीतरी घराणी मारवाडातून इकडे आली ती याच कापसाच्या आणि सावकारीच्या पाठोपाठ. वाळवंटातून आलेली माणसं, त्यांना ऊन नवं नव्हतं आणि बर्फाची सवय नव्हती.

१८७८ मध्ये कोलकात्याला बेंगाल आइस कंपनी निघाली आणि यंत्राने बर्फ होऊ लागला. अमोनियाने खाऱ्या पाण्याची टाकी शून्याखाली गार करायची आणि तीत गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे, की डब्यात लादी तयार. काही वर्षांतच बोस्टनचा बर्फ यायचा थांबला. मग हळूहळू गावोगावी कारखाने झाले आणि बर्फ गरिबाच्याही हातात आला.

चिखलीच्या आमच्या गोळेवाल्याकडे तरटात गुंडाळलेली लादी असायची आणि तिच्यावर तोच टुडरचा भुसा! तो लादी धुवायचा, उलट्या रंध्यावर खरखर किसायचा, काडीभोवती मुठीने दाबायचा आणि वर लाल, हिरवं नाहीतर काळंखट्टं सरबत. दहा पैशांना एक. मी तो कायम शाळेमागे उभी राहून खाल्ला. घरी जाण्याआधी जीभ पदराने पुसायची. आजीला कळत नव्हतं असं तेव्हा वाटायचं.

लपून का? बावीस अभक्ष्यांत हिम म्हणजे बर्फ आहे आणि करा म्हणजे गाराही आहेत. पाण्यात अप्कायाचे असंख्य जीव. मग पाणी का चालतं आणि बर्फ का नाही, असं मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पाण्यावाचून जीव जाईल. बर्फावाचून कुणाचा गेला?" पाणी लागतं तेवढं घ्यायचं, तेही जपून. त्या पाण्याचा दगड करून चोखायची गरज नाही. नियमामागचा हिशोब एवढाच, गरज किती आणि चैन किती.

हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं आणि मग स्वतः निभावलं. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात घशाला कोरड पडायची, गिळणं अवघड झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बर्फाचा खडा तोंडात ठेवा, बरं वाटेल. मी वाटीत बर्फ आणला. त्यांनी मान हलवली आणि ओठांना ओलं फडकं लावायला सांगितलं. मी वाटी उशाशी ठेवली, मन बदलेल म्हणून. तासाभरात तिचं पाणी झालं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, खोटं का बोलू? शेवटच्या दिवसांतही जरा सुख घेऊ नये? आज तो राग नाही, पण ती वाटी अजून डोळ्यांसमोर येते. त्यांचा नियम त्यांनी पाळला. तो बर्फ त्यांना हवा होता की मला त्यांना देण्याचं समाधान हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता त्या हालो-हालोकडे येते. नावाचा अर्थ 'मिसळ-मिसळ'. मार्च ते मे त्यांच्याकडेही कडक उन्हाळा. जपानमध्ये किसलेल्या बर्फावर गोड रस घालून खायची रीत हजार वर्षांची. जपानी लोक मनिलात आले आणि गोड शिजवलेल्या मोंगोवर, म्हणजे मुगावर, बर्फ किसून विकू लागले. अमेरिकनांनी १९०२ मध्ये मनिलात मोठा बर्फ कारखाना बांधला होता, त्यामुळे बर्फ मिळू लागला होता. पुढे त्यात नारळ, फणस, कोवळ्या तांदळाचे पोहे, दूध असं भरत गेलं. तिथे दुपारच्या खाण्याला मेरियेंदा म्हणतात. केळं पोळीसारख्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून साखरेत तळतात, तो तुरोन. आपल्या शेगावला फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी कचोरी आणली आणि ती शेगावची झाली, तसंच हे. बाहेरून आलेलं माणसं आपलं करून घेतात.

मी मुलीला लिहिलं, "वरचा जांभळा गोळा उबे नावाच्या कंदाचा आहे, तो अनंतकाय. पिवळी वडी अंड्याची असते. या दोन्ही नकोत, आधीच सांगून काढायला लाव. तुरोन केळ्याचा आहे, पण कशात तळतात ते विचार आणि दिवस मावळण्याआधी खा. बर्फाचं तू ठरव. आपल्यात तो वर्ज्य आहे, त्याचं कारणही सांगितलं. खाल्लास तर मला कळव, लपवू नकोस. मी लपवला होता."

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. तिने बर्फाऐवजी नुसतं गार दूध घालून मूग आणि फणस घेतला. दुकानदार हसला म्हणे, पण दिला. आणि तिने विचारलं, "आजी, तू आता खातेस का?"

चातुर्मासात माझं बर्फाचं पचखाण असतं. घरात सरबताला माठाचंच पाणी. कैरीचं पन्हं, बेलाचं सरबत आणि अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्याचा उसाचा रस, सगळं बर्फाविना. पण वर्षातून एकदा, वैशाखात, मी नातवाबरोबर एक काळाखट्टा खाते. आणि त्या रात्री प्रतिक्रमणात तो आठवून मिच्छामि दुक्कडं म्हणते. तिला हेच लिहिलं.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर तुम्हा सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं. तुमच्या सासर-माहेरी बर्फाचा काय नियम होता, आणि तो कोणी मोडला, तेही मला कळवा.