तार की तेल? क्लचच्या दोन घराण्यांचा इतिहास

१/ मनमाड हे रेल्वेचे जुने जंक्शन. सेमाफोर सिग्नलांच्या काळात केबिनमधला कर्मचारी लिव्हर ओढी आणि दूरवरचा सिग्नल पडे. मधे होती फक्त तार. उन्हाने ती लांबली की ताण पुन्हा जुळवावा लागे, आणि वळणावर कप्पी लागे. मोटारसायकलच्या क्लचपुढेही हाच प्रश्न होता: हाताचा जोर दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचवायचा कसा?

२/ कप्पीविना वळणाऱ्या तारेचे पेटंट अर्नेस्ट बाउडेन याने १८९६ मध्ये घेतले. आत ओढली जाणारी तार, बाहेर दाब सोसणारे लवचीक आवरण. सायकलच्या ब्रेकसाठी ती रूढ झाली आणि पुढे मोटारसायकलच्या हँडलवर आली.

३/ महाराष्ट्राला ही तार घरोघर भेटली ती चेतकमुळे. बजाजची ही स्कूटर १९७२ मध्ये आली. तिचा क्लच तारेवर चाले, आणि डाव्या मुठीने बदलायचे गिअरही तारांवरच. म्हणूनच डिकीत एक जादा क्लच वायर बाळगण्याची रीत पडली.

४/ दुसरे घराणे द्रवाचे. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धांत १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलच्या क्लचमध्ये तो ठळकपणे दिसू लागला १९८० च्या दशकात, मोठ्या जपानी गाड्यांवर. लिव्हरपाशी मास्टर सिलिंडर, इंजिनपाशी स्लेव्ह सिलिंडर, मधे तेलाची नळी.

५/ तुलना करता द्रवाचे पारडे जड वाटते. तार आवरणात घासते, धुळीने जड होते. प्लेटा झिजल्या की लिव्हरचा प्ले नटाने जुळवावा लागतो. हायड्रॉलिक क्लच ही झीज आपोआप भरून काढतो आणि लिव्हरचा स्पर्श एकसारखा राहतो.

६/ मात्र बिघाडाच्या क्षणी पारडे फिरते. तार बहुधा आधी इशारा देते: एकेक धागा तुटतो, लिव्हर खरखरते. पुणे-इंदूर मार्गावर मनमाडजवळ ती तुटलीच, तरी साध्या गॅरेजमध्ये पाना-पक्कडीने नवी बसते. सील गळले किंवा नळीत हवा शिरली, तर योग्य तेल, नवे सील आणि हवा काढण्याचे कसब, तिन्ही हवे.

७/ म्हणूनच जुनी तार हरली नाही. चाकणला तयार झालेल्या, २०१६ च्या डॉमिनार ४०० मध्ये ब्रेक तेलावर आहेत, क्लच मात्र तारेवर. तंत्राची निवड केवळ सफाईवर ठरत नाही. ते वाटेत कोण दुरुस्त करू शकेल, यावरही ठरते.