परसातील कुंपण : आडोसा हवा, अबोला नको

गोव्यातील जुन्या घरांच्या परसाला भिंत क्वचितच असे. मोगली एरंड, शेर किंवा अडुळसा यांची वई, चढउताराच्या भागात जांभ्या दगडांचा कोरडा गडगा आणि न्हाणीपाशी नारळाच्या विणलेल्या झापांचा आडोसा, एवढ्यावर हद्दीचे काम भागत असे. वईतून पावसाचे पाणी वाट काढी, कोंबड्या पलीकडे जात आणि विरजणाची वाटीही जाई. आता त्या जागी चिऱ्यांची भिंत उभी राहू लागली आहे. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. जमिनीचे तुकडे लहान झाले, घरे एकमेकांच्या जवळ आली, शेजारचे घर कधी वर्षातून पंधरा दिवसच उघडे असते. आपल्या परसात चार घटका निवांत बसावे ही इच्छा रास्तच आहे. मात्र भिंतीवरून सुरू झालेला वाद मुलांकडे वारशाने जातो, हेही गावोगाव दिसते. अशा वादाच्या मुळाशी पाहिले तर भिंतीने अडवलेले काहीतरी बहुधा सापडते : पाणी, पायवाट, विहीर किंवा नुसता मान. म्हणून कुंपण घालण्यापूर्वी, हद्दीवरून आजवर काय काय ये-जा करत आले आहे याची यादी करणे हे पहिले काम होय.

गरज नेमकी कोणती?

आडोसा, कुंपण आणि भिंत या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आडोसा नजर अडवतो, कुंपण हद्द दाखवते व गुरे थांबवते, तर भिंत माती व माणूस दोन्ही रोखते. अनेकदा गरज आडोशाची असते आणि खर्च भिंतीवर होतो. न्हाणीघर, कपडे धुण्याचा दगड, स्वयंपाकघराचे मागील दार आणि बसण्याची जागा एवढेच झाकायचे असेल, तर तेथे चार-पाच मीटरचा बांबूचा तट्टा किंवा वेल चढवलेली जाळी पुरते. उरलेल्या हद्दीवर कमरेइतकी वई ठेवता येते. बसल्या जागेवरून शेजारची खिडकी दिसते का, हे खुर्ची ठेवून प्रत्यक्ष पाहावे. वरच्या मजल्यावरून दिसणारी नजर कितीही उंच भिंत बांधली तरी अडत नाही. ती मांडवाने किंवा झाडाने अडते.

हद्द कोठे आहे?

हद्दीविषयीची माहिती तीन ठिकाणी असते : कागदावर, जमिनीवर आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात. तिन्ही जुळतातच असे नाही.

कागदांत एक-चौदाचा उतारा आणि मोजणीचा नकाशा हे मुख्य होत. नगरपालिका क्षेत्रात नगरभूमापनाची कागदपत्रे पाहावी लागतात. गोवा जमीन महसूल संहिता १९६८ नुसार उताऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तथापि त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी विक्रीखत, वाटणीपत्र आणि पोर्तुगीजकालीन नोंदणीचे दाखले पाहावे लागतात. जुन्या खतांत मोजमापांपेक्षा चतुःसीमा महत्त्वाच्या असतात : पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस गडगा. त्यातील व्हाळ व गडगा आजही जागेवर असतील, तर त्यांना हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत. तो पुरावा आहे.

नकाशा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावांचे मोजणीनकाशे बहुधा १:१००० या प्रमाणाचे असतात. म्हणजे कागदावरील एक मिलीमीटर जमिनीवर एक मीटर होतो. अर्ध्या मिलीमीटर जाडीची रेघ प्रत्यक्षात अर्धा मीटर व्यापते आणि हद्दीचे बहुतेक तंटे नेमके याच अर्ध्या मीटरचे असतात. म्हणून छायाप्रतीवर पट्टी ठेवून भिंतीची ओळ आखू नये. तालुक्याच्या भूमापन कार्यालयाकडे सीमांकनासाठी अर्ज करावा. लगतच्या जमीनधारकांना त्याची सूचना जाते. नोटीस टपालाने पोहोचण्याआधी ती येणार असल्याचे आपण स्वतः जाऊन सांगितले, तर अर्धी कटुता टळते. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर असावा आणि दगड त्याच्यासमोर रोवले जावेत.

जमीन अविभक्त असेल तर गुंता वाढतो. वाटणी झालेली नसताना एका भावाने मधोमध भिंत घालणे म्हणजे वाटणी आपणच करून टाकणे होय. इतर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी किंवा इन्व्हेंटरीची प्रक्रिया आधी पुरी करावी. तोवर आडोशावर भागवणे शहाणपणाचे.

वाट, पाणी आणि विहीर

शेजाऱ्याच्या घरातील माणसे वर्षानुवर्षे आपल्या परसातून विहिरीकडे, शेताकडे किंवा रस्त्याकडे जात असतील, तर ती वाट केवळ मेहेरबानी असेलच असे नाही. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे हक्काने, उघडपणे, शांततेत आणि अखंड २० वर्षे वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो. परवानगी मागून वापरलेली वाट त्यात मोडत नाही. ज्याच्या घराला दुसरी वाटच नाही, त्याचा प्रश्न आणखी वेगळा असतो. भाटात मुंडकाराचे घर असल्यास १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याचाही विचार करावा लागतो. त्याच्या घरालगतची जागा आणि ये-जा भाटकाराला कुंपणाने तोडता येत नाही.

पाण्याचे गणित कागदावर कळत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ज्याला भिंत घालायची आहे त्याने जुलैत, मुसळधार पावसात, छत्री घेऊन हद्दीवरून एकदा चालावे. वरच्या अंगाचे पाणी कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते, तेथे खुंट्या रोवाव्यात. काम दिवाळीनंतर काढावे. खुंटीच्या जागी मोरी ठेवावी व तिला लोखंडी गज लावावेत. उतारावरचे पाणी अडवून शेजाऱ्याच्या अंगणात तळे साठवणारी किंवा एकाच भोकातून त्याच्या पायाकडे लोट सोडणारी भिंत, या दोन्हींमुळे भांडण होते.

हद्दीवरची सामायिक विहीर असेल तर दोन्ही बाजूंना फाटक ठेवावे. राखणदाराचे ठिकाण, खुरीस किंवा घुमटी हद्दीजवळ असेल, तर तेथे जाणारी वाट मोकळी राहावी. शिगम्यातील मेळ किंवा ग्रामदेवतेची पालखी ज्या वाटेने येते ती वाट कोणत्याही नकाशात नसते, तरीही ती बंद केल्याचे गाव विसरत नाही.

परवाना

चिऱ्यांची वा काँक्रीटची भिंत हे बांधकाम आहे. ग्रामीण भागात गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीचा परवाना घ्यावा लागतो, तर शहरात नगरपालिकेचा. उंची आणि रस्त्यापासूनचे अंतर यांच्या मर्यादा २०१० च्या जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावलीत आहेत. रस्त्याकडील भिंत आणि बाजूची भिंत यांचे नियम निरनिराळे असल्याने आराखड्यात प्रत्येक बाजूची उंची स्वतंत्र लिहावी. हमरस्त्यालगत सार्वजनिक बांधकाम खात्याचा ना हरकत दाखला लागू शकतो. समुद्र, खाडी किंवा भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीकाठी सागरकिनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. परवाना हातात घेऊनच चिरे उतरवावेत. परवान्याविना बांधलेली भिंत शेजाऱ्याच्या हाती आयते शस्त्र देते. हेही लक्षात ठेवावे की, परवाना मिळाला म्हणून हद्दीचा वाद निकाली निघत नाही. पंचायत बांधकामाला परवानगी देते, मालकी ठरवत नाही.

शेजाऱ्याशी बोलणे

शेजाऱ्याला भिंत कळावी ती आपल्या तोंडून, गवंड्याच्या दोरीवरून नव्हे. बोलणे उभ्या उभ्या, हद्दीवर करू नये. घरी जावे, बसावे. आपल्याला भिंत का हवी हे सांगताना ‘तुमच्याकडून दिसते’ असे म्हणण्यापेक्षा ‘आम्हाला मागे बसायला जागा करायची आहे’ असे म्हणावे. मग त्याची अडचण विचारावी : उजेड जाईल का, वारा अडेल का, मोटारसायकल वळेल का, नारळ काढणाऱ्या पाडेल्याला शिडी लावता येईल का. हे प्रश्न आपणच काढले की, पुढच्या माणसाला ते तक्रार म्हणून काढावे लागत नाहीत.

शेजारी परगावी किंवा परदेशी असेल, तर त्याच्या गावातील नातलगाला सांगून न थांबता त्याला स्वतःला लेखी कळवावे व आराखडा पाठवावा. त्याच्या गैरहजेरीत घाईने उरकलेली भिंत, ती जागेवर बरोबर असली तरी संशयाची होते.

ठरले ते कागदावर आणावे. हद्दीची ओळ, भिंतीची उंची, मोऱ्यांची जागा, फाटक, खर्च कोणी करायचा आणि पुढे डागडुजी कोणी करायची, एवढे एका पानात मावते. गोव्यातील नागरी कायद्यात पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामायिक असल्याने दोन्ही घरांतील दोघांच्याही सह्या घ्याव्यात. वाटेचा हक्क नव्याने द्यायचा किंवा सोडायचा असेल, तर साधा कागद पुरत नाही. तो दस्त उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो. भिंत आपल्या हौसेची असेल तर खर्चाची अपेक्षा शेजाऱ्याकडून धरू नये.

बांधताना

भिंतीपेक्षा तिचा पाया रुंद असतो. भिंत हद्दीच्या रेघेवर धरली की पाया शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतो. म्हणून पायाची बाहेरील कड हद्दीच्या आत राहील इतके मागे सरकावे. सामायिक भिंत मध्यावर घालायची असल्यास ते लेखी असावे. बाहेरच्या अंगाला गिलावा करण्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात उतरावे लागते. त्याची परवानगी आधी घ्यावी आणि काम झाल्यावर सिमेंटचे डाग, चिऱ्यांचे तुकडे त्याच दिवशी उचलावेत. आतून रंगवलेली आणि शेजाऱ्याकडे ओबडधोबड सोडलेली भिंत त्याला रोज सकाळी काहीतरी सुनावत राहते.

माथ्याला उतार द्यायचा तो आपल्या बाजूस, म्हणजे थेंब आपल्या जमिनीत पडतील. जांभा पाणी शोषतो. उतारावर माती धरून ठेवणाऱ्या भिंतीत ठरावीक अंतरावर पाझराची भोके आणि मागे दगडांचा भराव नसेल, तर मागची ओली माती भिंतीला ढकलते आणि ती भरपावसात कोसळते. अशी भिंत अभियंत्याच्या सल्ल्याविना घालू नये. माथ्यावर काचा रोवू नयेत. पत्र्याचे कुंपण स्वस्त पडते, पण वाऱ्यात वाजते आणि उन्हात शेजाऱ्याच्या खोलीत झळ व झगमग पाठवते.

वईचा पर्याय

जिवंत वईला बांधकामाचा पाया लागत नाही आणि पाणीही अडत नाही. अडुळसा, जास्वंद, मेंदी आणि गिरिपुष्प यांच्या काड्या पावसाच्या आरंभी सहज रुजतात. अडुळशाला गुरे तोंड लावत नाहीत. दोन ओळींत, एकाआड एक, फूट-दीड फुटावर लावल्यास दोन-तीन पावसाळ्यांत दाट आडोसा होतो. तोवर झापांवर किंवा तट्ट्यावर भागवावे. लागवड हद्दीच्या दोन फूट आत करावी, म्हणजे पलीकडची छाटणी करण्यासाठी जागा राहते. लहान मुले असलेल्या घराजवळ मोगली एरंड लावू नये, कारण त्याच्या बिया विषारी असतात. शेराचा चीक डोळ्यांना घातक ठरतो. बांबूचे बेट पसरत जाते, त्यामुळे ते हद्दीवर नको.

हद्दीवरच्या माडाचा प्रश्न वेगळा बोलून ठेवावा. चुडते व नारळ कोणाच्या छपरावर पडतात आणि पाडेली कोणी बोलवायचा, हे ठरलेले असावे. झाड तोडायचे तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी घ्यावी. भिंतीच्या ओळीत चांगला आंबा किंवा फणस येत असेल, तर भिंतच थोडी वळवावी.

वाद झालाच तर

काम सुरू असताना हरकत आली तर थांबावे. अर्धवट पायासाठी दोन आठवडे थांबणे स्वस्त असते. प्रथम दोघांच्या विश्वासातील जाणता माणूस, मग फेरमोजणी, मग पंचायत असा क्रम ठेवावा. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीची वाट अडवली असल्यास १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडे दाद मागता येते. तेथे विलंब करू नये. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात जातो. त्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला व मध्यस्थी मिळू शकते, आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. लोक अदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते व तिच्यावर अपील नसते. त्यामुळे सही करण्यापूर्वी मजकूर नीट वाचावा.

कुंपणच शेत खाते ही म्हण हद्दीच्या दाव्यांत शब्दशः खरी ठरते. हातभर पट्टीसाठी वकिलावर झालेला खर्च त्या पट्टीच्या किमतीला केव्हाच मागे टाकतो. भिंत चार दिवसांत उभी राहते, पण शेजार पुन्हा उभा करायला वर्षे लागतात. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले तर पहिली हाक पलीकडेच जाते. ती ऐकू जाईल आणि माणूस लगेच येऊ शकेल, एवढे एक फाटक प्रत्येक कुंपणाला असावे.